नॉर्वेचा राजा संत ओलाफ

देवळाच्या महोत्सवप्रसंगीं पूर्वजांची आठवण करणें हें आपलें कर्तव्यच होय. ज्यांनीं भिंती उभारल्या, ज्यांनीं घंटा टांगली, ज्यांनीं लेंकरांस क्रुसाची खूण करावयास शिकविलें, त्यांचें ऋण अशा दिवशीं विशेष जाणवतें. त्याच भावनेनें आम्हीं ह्या स्मरणिकेसाठीं एका दूरच्या देशाची कथा निवडिली आहे. युरोपच्या अगदीं उत्तरेस, जेथें ऐन हिंवाळ्यांत सूर्य कित्येक ठिकाणीं तोंडहि दाखवीत नाहीं, तेथें ख्रिस्ती धर्म कसा रुजला आणि त्या कामीं एका राजाच्या हातून काय घडलें व काय बिघडलें, हें आम्ही येथें सांगणार आहों. हा राजा म्हणजे नॉर्वेचा ओलाफ हाराल्डसन. ख्रिस्तसभा त्यास संत म्हणून मान देते. त्याचा सण २९ जुलै रोजीं येतो. परंतु त्याचें चरित्र वाचूं लागलें म्हणजे भाविक मनासहि प्रथम धक्का बसतो. हातीं कुऱ्हाड घेतलेला, गांवें लुटणारा, शत्रूचे डोळे काढविणारा हा पुरुष संतपदास कसा पोंचला? हा प्रश्न टाळून त्याचें चरित्र लिहूं नये, असें आम्हांस वाटतें.

नॉर्वे, डेन्मार्क व स्वीडन ह्या देशांतील तत्कालीन रहिवाशांस नॉर्स लोक म्हणतात. त्यांपैकीं जे समुद्रावर लुटीस निघत ते व्हायकिंग. त्यांचीं लांब, उथळ बुडाचीं तारवें समुद्रांतून थेट नद्यांत शिरत. म्हणून किनाऱ्यापासून दूर असलेलीं शहरेंहि त्यांच्या तडाख्यांतून सुटत नसत. इ. स. ७९३ मध्यें त्यांनीं इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळील लिंडिस्फार्न बेटावरचा मठ लुटला. तेव्हांपासून दोनशें वर्षें पश्चिम युरोपांतील ख्रिस्ती लोक त्यांच्या नांवानें कांपत असत. घरीं हे लोक शेतकरी, कोळी व व्यापारी होते. ओदिन, थोर व फ्रेय हे त्यांचे मुख्य देव. त्यांस ते घोडे व इतर जनावरें बळी देत. शौर्य, आतिथ्य व दिलेला शब्द पाळणें हे त्यांचे गुण खरे. परंतु नको असलेलें मूल जन्मतांच उघड्यावर टाकून देणें, धरून आणलेल्या माणसांस गुलाम करून विकणें, आणि रक्ताचा सूड पिढ्यान्‌पिढ्या घेत राहणें, ह्या चालीहि त्यांच्यांत रूढ होत्या.

ओलाफच्या पूर्वीं नॉर्वेंत धर्मप्रसाराचे यत्न झाले नव्हते असें नाहीं. दहाव्या शतकाच्या मध्यास हाकोन नांवाचा राजा होऊन गेला. तो इंग्लंडचा राजा अ‍ॅथेल्स्टन ह्याच्या घरीं वाढलेला व ख्रिस्ती झालेला होता. त्यानें धर्मगुरु आणविले. परंतु बळीच्या मेजवानींत त्यानें भाग घेतल्यावांचून शेतकरी त्यास सुखानें राज्य करूं देईनात, तेव्हां त्यानें माघार घेतली. पुढें इ. स. ९९५ मध्यें ओलाफ त्रिग्वासन हा गादीवर आला. त्यानें किनारपट्टींतील लोकांस धाकदपटशानें बाप्तिस्मा घ्यावयास लाविलें; पण पांचच वर्षांनीं, इ. स. १००० मध्यें, तो समुद्रावरील लढाईंत पडला. त्याच्यामागून जे यार्ल, म्हणजे मोठे सरदार, राज्य करूं लागले त्यांनीं ज्याला जें रुचेल तें त्यानें मानावें असें धोरण ठेविलें, आणि डोंगराळ मुलुखांत जुन्या देवांची पूजा निर्वेधपणें चालू राहिली.

आमचा चरित्रनायक इ. स. ९९५ च्या सुमारास जन्मला. त्याचा बाप हाराल्ड ग्रेन्स्के हा एक लहानसा राजा. मुलानें बापाचें तोंड पाहिलें नाहीं, असें सागा नांवाच्या जुन्या आइसलंडी चरित्रग्रंथांत म्हटलें आहे. आई आस्ता हिनें सिगुर्द नांवाच्या दुसऱ्या राजाशीं लग्न केलें. सिगुर्द शांत स्वभावाचा, स्वतः शेतांत उभा राहून कापणी करवून घेणारा गृहस्थ होता. परंतु पोराचें मन नांगरांत रमेना. बारा वर्षांचें वय झालें न झालें तोंच ओलाफ तारवावर चढला व व्हायकिंग बनला.

इ. स. १००९ च्या सुमारास तो इंग्लंडवर चालून गेलेल्या मोठ्या डॅनिश सैन्यास मिळाला. कॅन्टरबरीच्या लढाईंत तो होता, असें त्याचा दरबारी कवि सिग्वात ह्याच्या पद्यांवरून दिसतें. इ. स. १०११ मध्यें तें शहर ह्या सैन्याच्या हातीं पडलें व तेथील आर्चबिशप आल्फेज ह्यांस लुटारूंनीं कैद केलें. आपल्या सुटकेसाठीं गरीब रयतेकडून पैसा उकळूं नये, असा त्यांनीं हट्ट धरिला. तेव्हां १९ एप्रिल १०१२ रोजीं, दारूनें धुंद झालेल्या लोकांनीं त्यांस हाडें फेंकून मारिलें. ख्रिस्तसभा ह्या आर्चबिशपांस रक्तसाक्षी मानते. ज्या फौजेनें एका संताचा जीव घेतला त्याच फौजेंत पुढें संत होणारा एक तरुण लढून गेला होता, ही गोष्ट ईश्वरी लीलेचा विचार करणाऱ्यानें विसरूं नये.

इंग्लंडनंतर ओलाफ फ्रान्स व स्पेनच्या किनाऱ्यांवर भटकला, आणि इ. स. १०१३-१४ चा हिंवाळा त्यानें नॉर्मंडीचा ड्यूक दुसरा रिचर्ड ह्याच्या पदरीं रूआं शहरांत काढिला. नॉर्मन लोक हे मूळचे व्हायकिंगच. परंतु त्यांचे आजे-पणजे लुटारू असले तरी नातवंडें मठ बांधीत होतीं. तेथेंच ड्यूकचे बंधु आर्चबिशप रॉबर्ट ह्यांच्या हातून ओलाफला बाप्तिस्मा मिळाला, असें नॉर्मंडीचा त्याच शतकांतील इतिहासकार लिहितो. त्या वेळीं त्याचें वय अवघें अठरा-एकोणीस होतें. आपलेच जातभाई, आपलीच रीत, आणि तरीहि केवढा पालट, हें त्यानें तेथें डोळ्यांनीं पाहिलें. नॉर्वेचें राज्य मिळवावयाचें आणि त्यास ख्रिस्ताच्या चरणीं आणावयाचें, हा त्याचा पुढील आयुष्याचा संकल्प झाला.

इ. स. १०१५ मध्यें तो थोडीं माणसें घेऊन स्वदेशीं परतला. पुढील वर्षीं २५ मार्चला, झावळ्यांच्या रविवारीं, नेस्यार येथील समुद्रावरील लढाईंत त्यानें यार्ल स्वेन ह्याचा मोड केला, आणि हळूहळू किनारा व अंतर्भाग असे दोन्ही मुलूख त्याच्या अमलाखालीं आले. निदारोस, म्हणजे हल्लींचें ट्रोन्डहाइम, हें शहर त्यानें पुन्हां वसविलें व तेथें संत क्लेमेंटचें लांकडी देऊळ उभें केलें. इ. स. १०१९ मध्यें स्वीडनच्या ख्रिस्ती राजाची कन्या अस्ट्रिद हिच्याशीं त्याचें लग्न झालें.

ह्या राजाचें सर्वांत टिकाऊ काम कोणतें म्हणाल तर तें कायद्याचें. इंग्लंडांतून त्यानें बिशप व धर्मगुरु बरोबर आणिले होते. सिगफ्रिद, ग्रिमकेल, रूडोल्फ व बर्नार्ड हीं त्या बिशपांचीं नांवें ब्रेमेनचा आदाम ह्या अकराव्या शतकांतील इतिहासकारानें नमूद करून ठेविलीं आहेत. ज्या देशास त्यानें तरुणपणीं लुटिलें त्याच देशानें त्यास धर्मगुरु दिले. त्यांतील बिशप ग्रिमकेल हे विद्वान व धीमे पुरुष होते. इ. स. १०२४ मध्यें पश्चिम किनाऱ्यावरील मोस्टर बेटावर शेतकऱ्यांची सभा भरली. अशा सभेस ते लोक थिंग म्हणत. तेथें राजा व बिशप ह्यांनीं मिळून ख्रिस्ती धर्माचा कायदा लोकांकडून मान्य करविला, असें परंपरा सांगते.

जुन्या गुलाथिंग कायद्याच्या ज्या प्रती उरल्या आहेत त्यांवरून ह्या नियमांचें स्वरूप कळतें. रविवार व सणाचे दिवस पाळावे, शुक्रवारीं मांस वर्ज्य करावें, मृतांस देवळाच्या आवारांत पुरावें, जवळच्या नात्यांत लग्न करूं नये, असे नियम त्यांत आहेत. परंतु त्यांहूनहि महत्त्वाचे दोन आहेत. जन्मलेलें मूल टाकून न देतां वाढवावें, हा पहिला. त्यास अति विकृत बालकांचा अपवाद तेव्हां राहिला, तरी शेंकडों वर्षांची ती क्रूर चाल येथून गुन्हा ठरली. आणि दरवर्षीं सभेच्या वेळीं लोकांनीं मिळून एका गुलामास मुक्त करावें, हा दुसरा. एका वर्षास एक गुलाम, हें आजच्या वाचकास हास्यास्पद वाटेल. परंतु जेथें गुलाम हा गुराढोरांत मोजला जात असे, तेथें वर्षांतून एकदां सर्व गांवासमक्ष त्याच्या हातापायांच्या बेड्या गळून पडतात, आणि तेंहि देवाच्या नांवानें, हें दृश्य लोकांच्या मनावर काय ठसा उमटवीत असेल! पुढील दोन-तीन शतकांत त्या देशांतून गुलामगिरी नाहींशी झाली.

हें झालें उजळ अंग. आतां दुसरें अंग पाहिलें पाहिजे. स्नोरी स्टुर्लुसन ह्या आइसलंडी ग्रंथकारानें ओलाफनंतर दोनशें वर्षांनीं त्याचें विस्तृत चरित्र लिहिलें. त्यांत गुद्‌ब्रान्द्‌सदालची कथा आहे. त्या खोऱ्यांत थोर देवाची मोठी पोकळ लांकडी मूर्ति होती, व तिला रोज चार भाकरी व मांस ह्यांचा नैवेद्य दाखवीत. सभेच्या दिवशीं पहांटे शेतकऱ्यांनीं ती मूर्ति राजासमोर आणिली. सूर्य उगवतांच राजानें आपला देव तेजोमय होऊन येत आहे असें म्हणून पूर्वेकडे बोट दाखविलें. सर्वांच्या नजरा तिकडे वळल्या, तोंच त्याच्या माणसानें सोट्याच्या घावानें मूर्ति फोडिली. आंतून मांजराएवढे उंदीर व साप बाहेर पळाले. लोकांनीं बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पुढाऱ्यानें देऊळ बांधिलें. कथा रंजक आहे खरी. परंतु त्याच कथेंत आणखी एक गोष्ट आहे. आदल्या रात्रीं राजानें शेतकऱ्यांच्या होड्यांस भोकें पाडून ठेविलीं होतीं व त्यांचे घोडे सोडून दिले होते, कोणास पळतां येऊं नये म्हणून!

ह्याहून कठोर प्रकारहि घडले. त्याच्याविरुद्ध कट करणाऱ्या पांच लहान राजांस त्यानें एका पहांटे पकडिलें. एकाची जीभ छाटविली आणि रोरेक नांवाच्या दुसऱ्याचे डोळे काढविले. हा आंधळा राजा शेवटीं आइसलंडांत मरण पावला. जे बाप्तिस्मा नाकारीत त्यांच्यांपैकीं कित्येकांस हद्दपारी, अंगच्छेद वा मरण भोगावें लागलें, असें सागा सांगतात. तो काळच तसा होता, हें म्हणणें खरें असलें तरी पुरेसें नाहीं. ओलाफपूर्वीं दोनशें वर्षें, शार्लमेन बादशहानें सॅक्सन लोकांवर धर्माची सक्ति केली तेव्हां, आल्क्विन नांवाच्या विद्वान धर्मपंडितानें बजावून सांगितलें होतें कीं, माणसास पाण्यापर्यंत ओढून नेतां येईल, पण त्याच्या मनांत श्रद्धा कोंबतां येणार नाहीं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेंहि इ. स. १९६५ मध्यें हीच शिकवण जगापुढें मांडली. म्हणून राजाचें हें वर्तन आम्ही झांकीत नाहीं व त्याचें समर्थनहि करीत नाहीं.

आणि ह्या सक्तीचें फळ काय मिळालें तें इतिहासच सांगतो. सरदार दुखावले, शेतकरी चिडले. इंग्लंड व डेन्मार्कचा बलाढ्य राजा कॅन्यूट ह्यानें नॉर्वेच्या पुढाऱ्यांस पैसा चारिला, आणि इ. स. १०२८ मध्यें तो पन्नास जहाजें घेऊन आला तेव्हां देश न लढतां त्याच्या स्वाधीन झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस एर्लिंग नांवाचा वजनदार सरदार लढाईंत ओलाफच्या हातीं सांपडला. राजा त्यास अभय देण्याच्या बेतांत असतां त्याच्याच एका माणसानें एर्लिंगवर कुऱ्हाड घातली. त्या एका घावानें आपलें राज्य गेलें, हें ओलाफ तेथल्या तेथें उमगला. पश्चिम किनारा खवळून उठला, आणि राजा बायकामुलांसह डोंगर ओलांडून स्वीडनमार्गें परागंदा झाला. रशियांत यारोस्लाव राजानें त्यास आश्रय दिला. यारोस्लावची राणी इंगेगेर्द ही अस्ट्रिदची सावत्र बहीण होती.

ह्या अज्ञातवासांत ओलाफचें अंतःकरण मऊ झालें असें दिसतें. एके रविवारीं विचारांत गढलेला असतां तो हातांतील लांकूड चाकूनें तासूं लागला. सेवकानें उद्यां सोमवार आहे असें हळूच सुचविलें. राजानें सर्व ढलप्या गोळा करविल्या व त्या स्वतःच्या तळहातावर ठेवून जाळिल्या. ज्या नियमासाठीं त्यानें इतरांस शिक्षा केल्या तो आतां प्रथम स्वतःस लागू झाला.

इ. स. १०३० मध्यें कॅन्यूटचा प्रतिनिधि यार्ल हाकोन बुडून मेल्याची वार्ता पोंचली होती. लहानग्या मॅग्नुसास यारोस्लावपाशीं ठेवून ओलाफ परत निघाला. स्वीडनमधून येतांना त्यास नाना प्रकारचे लोक मिळाले. बाप्तिस्मा न घेतलेल्यांस त्यानें सैन्यांत ठेविलें नाहीं. मनुष्यबळ अपुरें असतांहि त्यानें हा नियम मोडिला नाहीं. ट्रोन्डहाइमच्या उत्तरेस स्टिक्लेस्टाड येथें त्याच्यापेक्षां कितीतरी मोठें सैन्य त्याची वाट अडवून उभें होतें. वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी: ही लढाई केवळ ख्रिस्ती विरुद्ध मूर्तिपूजक अशी नव्हती. समोरच्या शेतकऱ्यांतहि बाप्तिस्मा घेतलेले पुष्कळ होते. इतकेंच काय, त्यांच्या बाजूस एक डॅनिश बिशपहि होते असें स्नोरी लिहितो.

लढाईपूर्वीं राजानें एका शेतकऱ्याजवळ रुपें दिलें, आणि मृतांच्या आत्म्यांसाठीं तें देवळांस व धर्मगुरूंस द्यावें, प्रार्थना करवावी, असें सांगितलें. शेतकऱ्यास वाटलें, आपल्या पक्षाच्या मृतांसाठींच हें दान असावें. राजानें सांगितलें कीं, तें शत्रुपक्षाच्या मृतांसाठीं आहे. आपल्या बाजूनें पडणाऱ्यांची काळजी ईश्वरच घेईल. ज्यानें एकेकाळीं शत्रूचे डोळे काढविले त्यानें आज शत्रूच्या आत्म्यासाठीं मिस्साची सोय केली. आमच्या मतें ओलाफच्या संतपणाचा उगम शोधावयाचा तर येथें शोधावा.

२९ जुलै १०३० रोजीं लढाई झाली. प्रथम राजाच्या पायावर कुऱ्हाडीचा घाव बसला. तो एका मोठ्या दगडास टेंकला, हातांतली तलवार त्यानें टाकून दिली आणि देवाचा धांवा केला. तशा निःशस्त्र स्थितींत थोरिर हुंड ह्यानें त्याच्या पोटांत भाला खुपसला आणि मानेवर तिसरा घाव बसला. वयाच्या पस्तिसाव्या वर्षाच्या सुमारास हा राजा असा संपला. थोर्गिल्स नांवाच्या एका शेतकऱ्यानें आपल्या मुलाच्या साहाय्यानें प्रेत लपविलें व होडींतून निदारोसास नेऊन नदीकांठच्या वाळूंत पुरलें.

आतां खरें नवल पाहा. जें राजाच्या तलवारीस पंधरा वर्षांत साधलें नाहीं तें त्याच्या थडग्यानें एका वर्षांत साधिलें. कॅन्यूटनें आपला मुलगा स्वेन व त्याची आई आल्फिवा ह्यांस नॉर्वेवर नेमिलें होतें; त्यांनीं कर इतके वाढविले कीं लोक पूर्वीच्या राजासाठीं हळहळूं लागले. थडग्यापाशीं आंधळ्यांस दृष्टि आल्याच्या, रोगी बरे झाल्याच्या वार्ता पसरल्या. राजाच्या अंगांत भाला खुपसणारा थोरिर हुंड स्वतः यरुशलेमच्या यात्रेस निघून गेला, असें स्नोरी सांगतो. ३ ऑगस्ट १०३१ रोजीं बिशप ग्रिमकेल ह्यांनीं थडगें उघडलें, देह अविकृत आढळला, व लोकांच्या संमतीनें त्यांनीं ओलाफ संत असल्याचें जाहीर केलें. रोमहून चौकशी करून संतपद जाहीर करण्याची पद्धत त्या काळीं सर्वत्र रुळलेली नव्हती. एकदोन वर्षांतच खुद्द स्वेनचा दरबारी कवि थोरारिन ह्यानें आपल्या धन्यास पद्यांतून सल्ला दिला कीं, देशांत सुखानें राहावयाचें असेल तर ओलाफची प्रार्थना कर. शत्रूच्या घरांतील हा पुरावा आहे!

इ. स. १०३५ मध्यें ज्यांनीं बापास मारिलें त्यांच्यांतलेच पुढारी रशियास जाऊन मुलास घेऊन आले व मॅग्नुस राजा झाला. प्रथम त्यानें बापाच्या वैऱ्यांवर सूड उगविण्यास आरंभ केला. पण कवि सिग्वात, जो स्टिक्लेस्टाडच्या लढाईच्या वेळीं रोमच्या यात्रेस गेला होता, त्यानें पद्यांतून स्पष्ट शब्दांत त्याची कानउघाडणी केली. मॅग्नुस शुद्धीवर आला, कायद्यानें राज्य करूं लागला, आणि प्रजेनें त्यास सज्जन राजा म्हणून नांव दिलें. सुडाची जुनी सांखळी निदान राजघराण्यांत एकदां तरी तुटली.

त्या थडग्यावर पुढें इ. स. १०७० पासून निदारोसचें भव्य दगडी महामंदिर उभें राहूं लागलें. इ. स. ११५२-५३ मध्यें पोपचे वकील कार्डिनल निकोलस ब्रेकस्पिअर, जे नंतर चौथे एड्रियन म्हणून पोप झाले, त्यांनीं निदारोसास आर्चबिशपचें पीठ स्थापिलें. आइसलंड व ग्रीनलंडपर्यंतचे धर्मप्रांत त्याखालीं आले. ओलाफ हा नॉर्वेचा शाश्वत राजा मानिला जाऊं लागला. ज्या लंडन शहरावर त्यानें एकेकाळीं हल्ला केला तेथेंच त्याच्या नांवाचीं अनेक देवळें झालीं, आणि बेथलेहेमच्या जन्ममंदिरांतील एका खांबावरहि त्याचें चित्र रंगविलेलें आहे.

इ. स. १५३७ मध्यें डेन्मार्कच्या राजानें नॉर्वेंत ल्यूथरचा पंथ लादिला. संताची रुप्याची पेटी वितळविण्यासाठीं कोपनहेगनला नेली, आणि देह महामंदिराच्या जमिनींत पुरून टाकिला. विश्वास लोकांवर सक्तीनें लादिला तर दुसरा राजा तो तशाच सक्तीनें काढूनहि घेऊं शकतो, हा धडा त्या देशानें असा दोनदां घेतला. तीनशें वर्षें कॅथोलिक उपासना तेथें बंद होती. इ. स. १८४३ मध्यें राजधानींत पहिला धर्मग्राम पुन्हां स्थापन झाला तो संत ओलाफच्याच नांवानें. आज त्या देशांतील कॅथोलिक देवळांत पोलंड, फिलिपाइन्स, व्हिएतनाम व श्रीलंका येथून गेलेलीं कुटुंबें नॉर्वेजियन बंधुभगिनींच्या शेजारीं गुडघे टेंकतात. तेथें कोणाच्या होड्यांस भोकें पाडावीं लागत नाहींत.

वाचकहो, संत म्हणजे जन्मापासून निष्कलंक पुरुष, अशी समजूत असेल तर ओलाफचें चरित्र ती दूर करील. देवानें एका लुटारूस हांक मारिली. तो आला, पण आपली कुऱ्हाड बरोबर घेऊन आला. ती खालीं ठेवावयास त्यास आयुष्य लागलें. राज्य गेलें, घर गेलें, आणि शेवटीं दगडास टेंकून त्यानें तलवार टाकिली, तेव्हां कोठें त्याच्या हातून देवाचें काम पुरें झालें. नॉर्वेंत धर्म टिकला तो मुलाबाळांस जगूं देणाऱ्या कायद्यामुळें, ग्रिमकेलसारख्या धीराच्या बिशपांमुळें आणि थडग्यापाशीं येऊन रडणाऱ्या साध्या माणसांमुळें. आपल्या देवळाचा पायाहि अशाच निमूट श्रद्धेवर घातलेला आहे. ह्या महोत्सवीं आपण आपापल्या मनांत डोकावून पाहूं, कोणती कुऱ्हाड अजून हातांतून सुटलेली नाहीं. आणि वैऱ्यासाठीं मिस्सा मागणाऱ्या ह्या राजाच्या मध्यस्थीनें ती खालीं ठेवण्याचें बळ ईश्वरापाशीं मागूं.